पेवावरच्या फळ्या

लढाई संपवून नाथाजी हरिपुरात घरी आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत दोन कपडे, एक रंधा आणि एक करवत होती. डावा कान इटलीत तोफेच्या गोळ्यानं कायमचा बंद झाला होता. तिथल्या इस्पितळात चार महिने काढताना तो दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या मोडून स्टुलं करायला शिकला आणि ते वेड घरी आल्यावरही सुटलं नाही. नवं लाकूड त्यानं कधी आणलं नाही. मोडक्या गाडीच्या चाकातले आरे, पडक्या गोठ्याची तुळई, असलंच काहीतरी ओढून आणायचा आणि तासत बसायचा. पारावरचे लोक विचारायचे, "मिल्ट्रीत जाऊन सुतार झालास व्हय रं?" तोही हसायचा.

सेहेचाळीस सालच्या चैत्रात त्यानं खुर्ची करायला घेतली, धाकट्या भावासाठी. पाच वर्षं आप्पासोनं एकट्यानं शेत ओढलं होतं, म्हाताऱ्या आईला जपलं होतं. भावाचे हे उपकार तोंडानं बोलून दाखवणं नाथाजीला जमत नव्हतं. हातानं जमेल, असं त्याला वाटलं.

गोठ्यामागं चार सागवानी फळ्या पडून होत्या. परसातल्या पेवाचं ते जुनं झाकण. हळद साठवायचं ते पेव म्हणजे जमिनीत खणलेला भलामोठा रांजणच. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि पोट खोलीएवढं. आता तोंडावर दगडी फरशी होती, म्हणून फळ्या मोकळ्या झाल्या होत्या.

आई, हरणाबाई, फळ्या बघून थबकली. "त्या घेऊ नगं, नाथा."

"का गं आये?"

"बिराप्पा त्याच पेवात मेला."

बिराप्पा जत भागातला धनगर. दुष्काळात मेंढरं गेली, तसा तो इकडं हमालीला आला. नाथाजी तेव्हा पाळण्यात होता. बंद पेवात हवा विषारी होते. पेव उघडलं की दिवसभर वारं लागू द्यायचं, मग दोरानं कंदील आत सोडायचा आणि तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं, हे गावात पोरासोरांनाही माहीत असतं. पण नाथाजीच्या वडलांना त्या दिवशी घाई होती. बिराप्पाला त्यांनी तसंच उतरवलं. वर निघालं ते त्याचं मढं.

"लाकडाचा काय दोष हाय त्यात?" नाथाजी म्हणाला आणि त्यानं रंधा चालवला. पहिल्याच फटक्याला पिवळा, कडवट वास उठला. इतकी वर्षं उन्हापावसात पडलेल्या लाकडातून ओल्या हळदीचा वास...

खुर्ची झकास झाली. आप्पासोनं तिच्या हातांवरून तळवा फिरवला. मग डोळे पुसले. खुर्ची घराच्या पुढच्या सोप्यात ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाथाजी सोप्यात आडवा झाला होता. घरात कुणी नव्हतं. टक्... टक्... टक्. रिकाम्या खुर्चीच्या बैठकीवर कुणीतरी खालून बोट वाजवत होतं. तो उठला, चांगला कान खुर्चीकडं केला. काहीच नाही. मग त्यानं चांगल्या कानावर हात दाबून धरला. टक्... टक्. आवाज मेलेल्या कानात येत होता.

त्यानं कुणाला सांगितलं नाही. लढाईतनं आलेल्या माणसाला असले भास होतात, असं इस्पितळातल्या डॉक्टरनं सांगितलंच होतं. पण रोज दुपारी खुर्ची वाजू लागली आणि रोज दुपारी नाथाजी घामानं भिजू लागला.

वैशाख लागला. एके दिवशी सकाळी आप्पासोनं पेव उघडलं. हळद न्यायला पेठेतली गाडी दाराशी येऊन थांबली होती. भर दुपारी गडी भाकरी खायला गेले. नाथाजी सोप्यात होता. आणि खुर्ची वाजली. एरवीसारखी सावकाश नाही, धडाधडा! पाठोपाठ मेलेल्या कानात, अगदी जवळून, खरखरीत आवाज आला...

"धनी... पोरगं खाली उतरलंय..."

नाथाजी अनवाणी धावला. पेवाच्या कडेला कंदील न पेटवताच ठेवलेला. आत वाकून बघितलं, तर तळाच्या अंधारात आप्पासोचं पांढरं मुंडासं तेवढं दिसत होतं. हलत नव्हतं.

"आप्पा! आप्पा रं!"

आत उतरलो तर दोघंही जाणार, हे त्याला कळत होतं. त्यानं पेवाशेजारच्या लिंबाला बांधलेला दोर आत सोडला आणि वेड्यासारखा ओरडत राहिला, "धर आप्पा, दोर धर!" बेशुद्ध माणूस काय धरणार?

एवढ्यात दोराला दोन हिसके बसले.

नाथाजीनं पाय रोवून ओढलं. आप्पासो वर आला. मान लटकलेली, ओठ निळे, आणि काखेखालून दोराचा पक्का फास. ओरडा ऐकून हरणाबाई धावत आली, तिनं तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळानं आप्पासोनं श्वास ओढला. मायलेक त्याला मिठी मारून रडले. मग हरणाबाई फास सोडायला गेली आणि तिचे हात थांबले.

"नाथा, ही गाठ आपली न्हवं. मेंढरं बांधायची गाठ हाय ही."

संध्याकाळी आप्पासोला बोलता आलं. "दादा, मी पडलो तवा खाली एक माणूस बसला व्हता. त्यानंच मला बांधलं. म्हणला, तू जा वर... मला मागनं काढ."

दुसऱ्या दिवशी कंदील आत जळता राहिला, तेव्हा दोघं भाऊ पेवाशी गेले. आत हळदीच्या पोत्यांशिवाय काही दिसत नव्हतं. नाथाजीनं नारळ फोडला, फास करून दोर तळाशी सोडला.

"बिराप्पा, माझ्या बापानं तुला मरणात लोटलं. तू माझा भाऊ परत दिलास. लय उपकार झालं, बाबा. ये आता वर."

दोर जड झाला. दोघांनी मिळून ओढला. भरल्या अंगाच्या गड्याएवढं वजन होतं. तोंडाशी येताच ते एकाएकी हलकं झालं. उन्हातून गार वाऱ्याची झुळूक त्यांना घासून, पूर्वेकडं, जतच्या दिशेनं निघून गेली. दोघांनी दोर सोडून हात जोडले. रिकामा फास सरसरत पुन्हा तळाशी गेला. नाथाजीच्या छातीवरचं ओझं उतरलं. कितीतरी वर्षांनी तो मोकळा हसला.

"चल, फरशी वढू," आप्पासो म्हणाला.

नाथाजी दोर गोळा करायला वाकला. दोर ताठ झाला होता. खालून दोन हिसके बसले.

"दादा..." आप्पासो कुजबुजला, "हितं एकटा बिराप्पाच मेला व्हता न्हवं?"

नाथाजीनं दोर दोन्ही हातांत घट्ट धरला. त्यानं पाय रोवले.