स्वच्छ फिल्टरचा गुन्हा

घानातल्या टेमा बंदराच्या धक्क्यावर इंजिन बंद पडल्याची बातमी माशांच्या वासाआधी पोचते. कोर्कोईबाईंच्या एकुलत्या बोटीचं इंजिन भर समुद्रात जाम झालं. बोट ओढून आणेपर्यंत बंदराने गुन्हेगार ठरवूनही टाकला: इंजिनवाला आफोटे. डुलकी लागली असणार! बोट टेकताच फिटर ओकाई सगळ्यांआधी खाली इंजिनापाशी उतरला होता.

"बाबा, ठपका बसला तर आफोटेला पुन्हा कुणी बोटीवर घेणार नाही," बाई लार्येला म्हणाल्या.

लार्ये, बंदराचा म्हातारा तपासनीस, सुस्कारा सोडत शिडी उतरला. त्याचे गुडघे इंजिनापेक्षा जास्त वाजत.

इंजिनाशेजारी नवा फिल्टर होता, तेल गरगर फिरवून काजळी भिंतीला चिकटवणारा, चक्रीचा. तो आला म्हणून तेल बदलणं लांबवलेलं. फिल्टरमध्ये तेल सोडणारा कॉक उघडा; पण त्याच्या मानेवरचा निळा रंग ताजा तडकलेला. फिल्टरच्या टोपणाच्या नटावर तोच रंग, सलग. लार्येने नट सोडवला. खपल्या उडाल्या. आत भांडं चकचकीत.

"बसवला कोणी?"

"मीच, रंगही मीच दिला," ओकाई म्हणाला. "बाईंना बजावलं होतं, कागदी फिल्टर ठेवा, दर फेरीला तेल बदला. हे खेळणं काय कामाचं!"

"आत घाण कशी नाही?"

"दर मंगळवारी साफ करतो ना! त्या दिवशी समुद्राला सुट्टी, कुणी जाळं टाकत नाही, निवांत असतं."

"पूर्वी काढलेलं तेल कुठे जायचं?"

"जायचं कुठेतरी. इंजिन तपासताय की माझी सोयरीक जमवताय?"

लार्ये कण्हत वर आला, मागोमाग ओकाई. किनाऱ्यावर होड्या, लाकडाला किडे लागू नयेत म्हणून जुनं तेल चोपडून काळ्याभोर. ओकाईच्या भावाची तेवढी कोरडी, किड्यांनी जाळी केलेली.

"साफ करायला नट सोडवावा लागतो, ओकाई. त्यावरचा तुझा रंग आज पहिल्यांदा मी मोडला. न उघडता भांडं स्वच्छ, म्हणजे तेल आत शिरलंच नाही; काजळी इंजिनातच साचली आणि ते जाम झालं. कॉक तू बंद ठेवूनच रंगवलास, आणि आज सगळ्यांआधी उतरून उघडलास. म्हणून मान तडकली. फिल्टर नापास झाला की दर फेरीला तेल बदलणार, अन् जुनं तेल भावाच्या होडीला."

ओकाईने भावाच्या होडीकडे बोट दाखवलं. "इंजिनच जाईल असं नव्हतं वाटलं, बाबा. होडी किडे खातायत."

"मेल्या, मागितलं असतंस तर नाही म्हटलं असतं का मी?" बाई दोरखंडावर बसल्या. "जा आता. माझ्या बोटीला हात लावू नकोस."

आफोटेने हळूच विचारलं, "आता कुठला फिल्टर बसवायचा, बाई? कागदी की चक्रीचा?"

"दोन्ही. चक्री दर मंगळवारी तू उघडायचीस, आतला काळा गोळा माझ्या हातावर ठेवायचास. शब्द नको मला कुणाचा. घाण दाखव."