एकोणीस केंद्रं आणि आईचा आवाज

चार किलोमीटर. टेकडीवरच्या आमच्या घरापासून सावर नदीचा पूल एवढाच लांब आहे. त्या पुलाखाली उभी राहून माझी आई चाळीस मिनिटं रेडिओवर ओरडत होती. तिचा संच ठणठणीत होता. आमचाही चालू होता, आणि त्याच्यासमोर खोऱ्यातला सगळ्यात जाणता माणूस बसला होता. तरी तिचा एक शब्दही आम्हाला ऐकू आला नाही. सांगा बरं, का?

‘बॅटरी संपली असेल’ असं म्हणत असाल, तर थांबा. मीही आधी तेच म्हटलं होतं आणि सपशेल चुकले होते.

मी मिहिका, वय साडेबारा. ही गोष्ट २०५३ सालच्या फेब्रुवारीतली. तेव्हा आमच्या खोऱ्यात सगळ्यांचे फोन चष्म्याच्या काडीत बसवलेले होते. त्यामुळे माझ्या आजोबांच्या, म्हणजे नानांच्या, छपरावरच्या लांबलचक अँटेनाला लोक हसायचे. नाना हॅम होते. (हॅम म्हणजे परीक्षा देऊन, परवाना काढून, केवळ हौसेनं रेडिओ संच चालवणारा माणूस.) आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलेले नाना तीस वर्षं हॅम मंडळाचे प्रमुख होते. या कामाचा पगार नाही, हाताखाली शिपाई नाही. लोक ऐकायचे ते फक्त विश्वासावर.

त्या दिवशी सकाळी सव्वानऊला जमीन हलली. डोंगरावरचा मनोरा कोसळला आणि सगळे चष्मे एका क्षणात मुके झाले. नदीपलीकडच्या वरच्या वाडीमागचा कडा तडकला होता, तिथल्या लोकांना ताबडतोब खाली आणायला हवं होतं. माझी आई, केतकी, वनरक्षक आहे. ती पहाटेच नदीपलीकडच्या जंगलात फेरीला गेली होती. तिचा पत्ता नव्हता.

दहा मिनिटांत एकोणीस केंद्रं हवेत आली, म्हणजे आपापले संच लावून बोलू लागली. शाळा, दवाखाना, दूध डेअरी... नाना त्यांच्याकडून एकेक निरोप घेत होते, पुढे देत होते. मी नोंदवहीत लिहीत होते.

“दवाखाना, तुमचं पोचलं. डेअरी, बोला. डेअरी, पोचलं. गाडी एक, बोला.”

गाडी एक म्हणजे इम्तियाजकाकांची बस. वरच्या वाडीतली बेचाळीस माणसं घेऊन ते निघाले होते.

“नाना, निघालो बघा. पुलावरून येतो.”

“या. शाळा, बोला.”

मी लिहिता लिहिता संचावरच्या काट्याकडे बघत होते. हवेतून लहर आली की तो काटा वर उचलतो. डेअरीचं बोलणं संपलं आणि नाना बोलू लागले, त्या दोहोंच्या मधल्या इवल्याशा फटीत काटा किंचित हलला. शाळेनंतर पुन्हा हलला. दवाखान्यानंतरही.

“नाना, मध्ये कुणीतरी आहे.”

“खरखर असेल. लिही तू.”

“नाना, तुम्ही तीन मोजत नाही आहात!”

आमच्या मंडळाची ती जुनी रीत. एकाचं बोलणं संपलं की मनात तीन आकडे मोजायचे, मगच बोलायचं बटण दाबायचं. ही रीत नानांनीच घालून दिली होती. पण त्या दिवशी निरोपांचा ढीग पडला होता. वेळ वाचवायला त्यांनी ते तीन आकडे गाळले, आणि त्यांचं बघून बाकीच्यांनीही गाळले.

“मिहिका, लोकांचे जीव टांगणीला लागलेत आणि तू मला नियम शिकवतेस?” नाना कडाडले. आजवर ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. तरी मी उठले आणि त्यांच्या माईकवर सरळ तळहात ठेवला.

“मोजा ना. एकदाच.”

नानांनी माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे. काटा हलत होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझा हात बाजूला केला.

“सर्व केंद्रं, गप्प राहा. कोणीही बटण दाबू नका.”

एकोणीस केंद्रं एकदम गप्प झाली. आणि त्या शांततेत, खोल विहिरीतून यावा तसा आईचा आवाज आला.

“...खांब खचलाय. पुलावर गाडी आणू नका. ऐकतंय का कुणी? पुलाचा मधला खांब...”

मला रडू फुटलं. नाना मात्र संचावर झेपावलेच. “गाडी एक! जिथे आहात तिथे थांबा!”

एक सेकंद. दोन. मग काकांचा गोंधळलेला आवाज आला. “थांबलो. पुलाच्या तोंडाशीच आहे. पण नाना, पूल तर धड दिसतोय हो!”

“वरून धडच दिसतो, इम्तियाजभाऊ,” आई म्हणाली. “खाली खांब उरलेला नाही.”

मी नोंदवहीत ‘बेचाळीस’ हा आकडा पुन्हा पुन्हा बघत होते.

काका बस मागे घेऊन धरणाच्या रस्त्यानं सगळ्यांना सुखरूप घेऊन आले. दुपारी नाना अंगणातल्या बाकावर सुन्न बसले होते. मी विचारलं, “आई ऐकू का आली नाही, नाना?”

ते सावकाश बोलू लागले. “आपण सगळे एकाच वारंवारतेवर बोलतो. (वारंवारता म्हणजे रेडिओची लहर सेकंदात किती वेळा कंप पावते ती संख्या.) ती एका गाडीपुरत्या अरुंद रस्त्यासारखी समज. आता पहिली गोष्ट. मी बटण दाबून बोलतो, तेव्हा माझा संच ऐकत नाही. म्हणजे बोलतो तितका वेळ मी ठार बहिरा.”

“पण डेअरी बोलत होती तेव्हा तर तुम्ही ऐकत होतात.”

“तिथेच खरी गंमत... गंमत कसली, घात आहे. खोलीत दोन माणसं एकदम बोलली तर मोठा आवाज आणि त्यामागे लहान आवाज, असे दोन्ही थोडेथोडे कानावर पडतात. आपल्या संचाचं तसं नाही. दोन लहरी एकदम आल्या, तर तो जोरकस लहर धरतो आणि दुबळी पार पुसून टाकतो. खरखरसुद्धा उरत नाही. डेअरीचा प्रक्षेपक (आवाजाची लहर करून ती हवेत सोडणारं यंत्र) दांडगा. केतकीच्या हातातला संच एवढासा, त्यात ती खोल दरीत.”

“म्हणजे सगळे मदतच करत होते, आणि त्या मदतीखाली आई...”

“पुसली जात होती. आणि ज्याला सगळ्यात जास्त मदत हवी असते ना, त्याचीच लहर बहुधा सगळ्यात दुबळी असते. प्रमुखाचं काम निरोप देणं नाही गं. त्या दुबळ्या लहरीसाठी जागा राखणं.”

आई संध्याकाळी आली. दरड पडल्यानं तिला बसपर्यंत चढता आलं नव्हतं; वरच्या डोंगराला वळसा घालून चालत आली, गुडघे सोललेले. मी तिला जी मिठी मारली ती सोडेचना. नाना उठून उभे राहिले.

“केतकी, तुला किती एकटं वाटलं असेल,” ते कसंबसं म्हणाले.

आईनं मान हलवली. “एकटं नाही, नाना. तुमचा संच खोऱ्यात सगळ्यात जोरकस. मला तुमचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. तुम्ही इम्तियाजभाऊंना ‘या’ म्हणालात, तोही.”

नाना मटकन बाकावर बसले. मी त्यांना रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दर रविवारी सगळी केंद्रं रेडिओवर हजेरी देतात, त्या हजेरीत नानांनी सगळ्या केंद्रांना घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही. मग म्हणाले, “मी प्रमुखपद सोडतोय. दुसऱ्या कुणीतरी घ्यावं.”

मग इम्तियाजकाका बोलले, “मी घेतो. पण नाना, तुम्ही शेजारी बसायचं आणि मी चुकलो की माझ्या माईकवर हात ठेवायचा. आणि हा हक्क खोऱ्यातल्या प्रत्येकाला. अगदी कालच परवाना मिळालेल्यालाही. मंजूर?”

“मंजूर,” शाळा म्हणाली. “मंजूर,” दवाखाना म्हणाला. एकेक करून सगळी केंद्रं बोलली. वरच्या वाडीतल्या सात जणांनी आता परीक्षेचा अभ्यास सुरू केला आहे, आणि त्यांना शिकवायला दर शनिवारी नाना जातात. धरणाच्या रस्त्यानं, लांबून.