आधीच नोंदवलेलं मत

"शून्य?" शेखरने पुन्हा विचारलं. "शून्य म्हंजे एक बी नाही?"

"शून्य म्हणजे शून्यच असतं रे," प्राजक्ता म्हणाली. "आमच्या अकोल्यात असतं तेवढंच तुमच्या देवखेडीत."

गीतांजली ते शून्य पुन्हा पुन्हा वाचत होती. संस्थेच्या हॉलमध्ये भला मोठा टीव्ही लावला होता आणि त्यावर निकाल झळकत होता. देवखेडी फळ-भाजी उत्पादक संस्थेच्या अध्यक्षपदासाठी दोन उमेदवार उभे होते. चंद्रभानजींच्या नावापुढे गावातली झाडून सगळी मतं होती. खालच्या नावापुढे भोपळा होता, आणि ते नाव तिच्या आईचं, वच्छलाबाईंचं होतं.

"नवऱ्यानं बी देल्लं नाही वाटते," मागून कोणीतरी म्हणालं.

"नवऱ्याचं सोड, तिनं सोताच सोताले देल्लं नाही लेका!"

सगळा हॉल हसला. वच्छलाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या सरळ चालत बाहेर गेल्या. गीतांजलीला वाटलं, त्यांनी निदान रडावं तरी. हसणाऱ्यांना थोडी तरी लाज वाटली असती. पण माणसं लाजत नसतात हे आईला तिच्याआधी ठाऊक असावं.

वच्छलाबाई उभ्या राहिल्या होत्या त्या हौसेखातर नव्हे. संस्थेची गाडी रोज वरूडला जायची ती मोठ्या बागायतदारांची संत्री घेऊन. बायकांची वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं संस्थेच्या ओसरीवर पडून सुकायचं. गाडीत या टोपल्यांनाही जागा हवी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. गल्लीतल्या सगळ्या बायकांनी त्यांना शब्द दिला होता. आता त्याच बायका एकमेकींकडे संशयाने बघत होत्या. प्रत्येक बाई शपथेवर सांगत होती की मी वच्छलालाच मत दिलं, आणि कोणाचाच कोणावर विश्वास बसत नव्हता.

घरी तर त्याहून वाईट होतं. आई पिशवी भरत होती.

"सकाळच्या गाडीनं हिवरखेडले जातो," ती म्हणाली. हिवरखेड तिचं माहेर.

"अव, लेकीची आण घेऊन सांगतो, म्या तुह्याच चित्रावर बोट ठेवलं!" बाबा, म्हणजे खुशालराव, दारात उभे राहून सांगत होते.

"मंग गेलं कुठं? पाखरं घेऊन उडाले काय?"

आईने साड्यांवर गीतांजलीचा एक जुना फ्रॉकही ठेवला आणि परत काढून घेतला. गीतांजलीने ते पाहिलं. चार दिवस माहेरी जाणारी बाई लेकीचा फ्रॉक हातात घेऊन अशी थांबत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत सगळे विहिरीत पोहण्याचे होते. मामेबहीण प्राजक्ता त्यासाठीच अकोल्याच्या जुन्या शहरातून आली होती आणि शेजारचा शेखर दोघींना सूर मारायला शिकवणार होता. त्याला स्वतःला सूर मारता येत नाही ही गोष्ट वेगळी. त्या दुपारी तिघं विहिरीवर गेली खरी, पण पाण्यात कोणी उतरलं नाही.

"मला एक सांग," प्राजक्ता म्हणाली. "आत्याला कोणीच मत दिलं नाही असं एक वेळ धरू. पण आत्याने स्वतःला तर दिलं ना?"

"माझ्यासमोर दिलं," गीतांजली म्हणाली. "आमच्याच फोनवर."

"मग यंत्रच बिघडलं बे," शेखर म्हणाला.

"बिघडत नाही ते. ब्लॉकचेन आहे. बाजेची सुतळी कशी विणतात पाहिलंयस? प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यात गुंतलेला. मधलाच एक धागा काढायला गेलास तर सगळी बाज ढिली पडते, आणि झोपलेल्याला लगेच कळतं. मतंही अशीच एकात एक विणलेली असतात. एकदा विणलं की कोणालाही बदलता येत नाही. शाळेत शिकवलंय आम्हाला."

"पण माही आजी तं म्हणे यंत्र लय हुशार हाय. बोट टेकत नाही तं मत आधीच झालं म्हणे."

प्राजक्ताने मान वर केली. "काय म्हणाली आजी?"

"आधीच झालं म्हणे. सारं गाव तेच म्हणून राहिलं."

गीतांजली उठली आणि घराकडे पळत सुटली, मागोमाग ती दोघंही. फोन देवळीत पडला होता. मतदानाचं ॲप उघडताच पडद्यावर कालचीच ओळ आली. आपले मत आधीच नोंदवले गेले आहे. धन्यवाद.

तिघांनी ती ओळ वाचली. मग पुन्हा वाचली.

आता गावाला तरी किती दोष द्यायचा? ॲप बनवणाऱ्या कंपनीचा मुलगा ते शिकवायला आला तेव्हा त्याने छाती फुगवून सांगितलं होतं की तुम्ही बोट उचलायच्या आधी मत पोचलेलं असेल. त्यामुळे ही ओळ वाचून जो तो खूश झाला. निवृत्त शिक्षक नत्थुजी गुरुजी, ज्यांनी अर्ध्या गावाला मराठी शिकवलं, त्यांनीसुद्धा 'आधीच' हा शब्द शाबासकीचा समजला. शेवटी 'धन्यवाद' होतं ना! आभार मानणाऱ्यावर कोणी संशय घेत नाही.

"म्हणजे आईने बोट ठेवलं तेव्हा तिचं मत पडून गेलं होतं," गीतांजली हळूच म्हणाली.

"पावती बघू." प्राजक्ताने दोन-तीन ठिकाणी बोट दाबलं. मत कोणाला दिलं ते पावतीवर नव्हतं, पण कधी दिलं आणि कोणत्या फोनवरून दिलं ते होतं. मतदान उघडल्या उघडल्या, सकाळीच. तेव्हा आई शेतात सांभार काढत होती. फोनचे शेवटचे आकडे होते ते घरातल्या फोनचे नव्हते. शेखरने आजीचा फोन आणला. तिच्या पावतीवरही तेच आकडे निघाले.

"पण दुसऱ्याच्या फोनवरून मत देता येते काय?"

"येतं, खासगी किल्ली असेल तर. प्रत्येकाला चिठ्ठी दिली होती ना, बारा शब्दांची? घरच्या फोनमध्ये एकदा टाकले ना, तसेच ते शब्द टाकले की कुठल्याही फोनवरून त्या माणसाचं मत देता येतं. म्हणूनच चिठ्ठीवर छापलंय, ही किल्ली कोणाकडेही देऊ नका."

गीतांजली परसात गेली. बाबा गुरांना पाणी पाजत होते.

"बाबा, आपल्या मताच्या चिठ्ठ्या कुठं हायेत?"

"देवमनच्या दुकानात. बिस्किटाच्या डब्यात."

"काहून?"

"काहून म्हंजे? चाबी हाय नं ते. शेतात जातानी चाबी तिथंच ठेवतो आपण. साऱ्या गावाच्या हायेत तिथं."

"पण त्याच्यावर लिहिलं होतं, कोणाकडेही देऊ नका."

बाबा हसले. "अव, देवमन का 'कोणी' हाय काय? घरचाच माणूस हाय तो."

"आईची बी तुमीच देल्ली?"

"दोन्ही संगंच देऊन आलो. तिले काय, उमेदवारीच्या धावपळीत ध्यान होतं काय?"

देवखेडीत शेतावर जाताना घराला कुलूप लावून किल्ली देवमनच्या कृषी केंद्रातल्या खिळ्यांना अडकवायची, ही बापजाद्यांची रीत. आजवर कोणाच्या घरातून चमचाही गेला नव्हता. दुकान चंद्रभानजींचं आणि देवमन त्यांचा भाचा, हे सगळ्यांना माहीत होतं. पण घर उघडून वस्तू चोरावी तसं मतही चोरता येतं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

गीतांजलीने हे आईला सांगितलं नाही. तिच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली होती. बाबांचं मत बाबांनी दिलंच नव्हतं, ते दुसऱ्याने टाकलं होतं. एवढं सिद्ध झालं की आई पिशवी रिकामी करेल.

देवमन कूलरसमोर पेंगत होता. शेखरच्या शर्टाच्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये आवाज भरणं सुरू होतं.

"देवमनकाका, पुडा द्या बिस्किटाचा. तुमाले बक्षीस भेटलं काय हो?"

"कायचं बक्षीस बे?"

"कंपनीचं," प्राजक्ता सहज म्हणाली. "ज्या फोनवरून सगळ्यात जास्त मतं आली, त्याला नवा फोन देणार आहेत. आमच्या वर्गातल्या एका मुलीचे बाबा कंपनीत आहेत, त्यांनीच सांगितलं." त्या बाबांचा जन्म त्याच क्षणी प्राजक्ताच्या डोक्यात झाला होता.

"त्याहिले काय समजते, कोणत्या फोनवरून आले तं?"

"फोनला नंबर असतो ना. पण जाऊ द्या. सरपंचांच्या फोनवरून दहा आलीत म्हणे घरच्यांची. त्यांनाच मिळेल."

"दहा?" देवमनची झोप उडाली. "दहा तं म्या दात घासता घासता टाकले. सारं गाव हाय या फोनात. पाह्य बरं पोरी, माहा नंबर पाह्य."

प्राजक्ताने त्याचा फोन घेतला आणि आकडे मोठ्याने वाचले. तेच होते.

"काका," गीतांजली म्हणाली. "माह्या आईचं बी तुमीच टाकलं?"

देवमनने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "फोन दे इकडे," तो म्हणाला. "पया इथून सारेजण."

तिघं पळाली. वाटेत शेखर म्हणाला, "चोरी कराची तं अक्कल लावून करावं माणसानं. पाच-दहा मतं तुह्या आईले ठेवले असते तं कोणाले समजलं असतं?" गीतांजलीला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रभानजींचा सत्कार होता. अमरावतीहून निवडणूक अधिकारी आले होते आणि कंपनीचा तो मुलगाही होता. भाषणं सुरू होण्याआधीच प्राजक्ताने माइकसमोर फोन धरला. 'दहा तं म्या दात घासता घासता टाकले' हे वाक्य कर्ण्यातून साऱ्या गावभर गेलं. मग तिने पावत्या दाखवल्या आणि 'आधीच' या शब्दाचा अर्थ सांगितला. नत्थुजी गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

शेखरची आजी, पार्वताबाई, उठून उभी राहिली. "म्हंजे साहेब, माहं मत कोनाले गेलं?"

"ते सांगता येत नाही, आजी," अधिकारी म्हणाले. "मतदान गुप्त असतं."

मागे टीव्हीवर कालचा भोपळा अजून तसाच होता.

"आमच्या ब्लॉकचेन साखळीत काहीही बिघाड नाही," कंपनीचा मुलगा पुढे होऊन म्हणाला. "किल्ली बरोबर, तर मत बरोबर. आणि एकदा नोंदवलेलं पुसता येत नाही, हेच तर तिचं वैशिष्ट्य आहे."

"मग परत मतदान घ्या," गीतांजली म्हणाली.

"रीतसर तक्रार करावी लागेल, बाळ. अमरावतीला. चौकशी होईल. तोवर निकाल कायम."

चंद्रभानजी मुरलेले होते. ते उठले, हात जोडले आणि देवमनला या क्षणापासून दुकानातून काढल्याचं जाहीर केलं. तो सोमवारी परत गल्ल्यावर दिसणार, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. मग त्यांनी मुलांना स्टेजवर बोलावलं. त्यांच्या सत्कारासाठी आणलेल्या नारळांतले तीन नारळ तिघांच्या हातात आले.

"गावाचं नाव काढलं या लेकराहीनं," ते म्हणाले. "असे सजग नागरिक पाह्यजेत!"

टाळ्या पडल्या. कालच्या हसणाऱ्यांच्याच टाळ्या होत्या त्या. गीतांजलीला वाटलं, नारळ तिथेच आपटून फोडावा. पण दारात तिला आई दिसली, हातात पिशवी घेतलेली. शेजारी बाबा उभे होते. ती गर्दीतून वाट काढत गेली.

"आई, ऐकलं ना? बाबांचं मत बाबांनी टाकलंच नव्हतं. ते खोटं बोलत नव्हते."

"ऐकलं," आई म्हणाली. ती नवऱ्याकडे वळली. "चाबी कोणी देल्ली?"

"सारेच देऊन राहिले होते..."

"माही कोणी देल्ली?"

बाबा खाली बघत म्हणाले, "म्याच."

"मले इचारलं होतं?"

स्टेजवर कोणीतरी माइक तपासत होतं.

"काल मले वाटलं, तुमी तुमचं मत मले देल्लं नाही," आई शांतपणे म्हणाली. "तुमी तर माहं बी देऊन आले."

एवढं बोलून ती रस्त्याकडे चालू लागली. गीतांजली मागे धावली. आपण सत्य शोधलं आणि त्यानेच घर जोडण्याऐवजी उसवलं, हे तिला कळत होतं आणि त्याचं काय करायचं ते कळत नव्हतं. लाल गाडी आली. तिच्यावर अमरावतीची पाटी होती, तरी आई चढली.

"आई, हिवरखेडची गाडी मागून येते."

"पयले तक्रार देतो," आई म्हणाली. "हिवरखेडले तिथूनच जाईन." तिने लेकीच्या गालावरून हात फिरवला. "बरं केलं तू. असंच करत जाय."

गाडी धूळ उडवत निघून गेली. बाबा फाट्यावर येऊन थांबले होते, पण गाडीपर्यंत आले नव्हते.

नत्थुजी गुरुजी काठी टेकत जवळ आले. त्यांनी गीतांजलीच्या पाठीवर थोपटलं. "शाबास. हुशार निघाली हो खुशालरावची पोरगी."

"वच्छलाबाईची म्हणा, गुरुजी."

"हो, हो. तेच ते."

"नाही, गुरुजी," गीतांजली म्हणाली. "ते तेच नाही."