अख्खा फोटो

ही गोष्ट खरी आहे. अठरा वर्षं मी दुसऱ्यांचा खरेपणा तपासत आलेय, त्यामुळे पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही.

या वेळीही पुरावा आहे. फक्त तो मी कुणाला दाखवलेला नाही.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. रविवार, सकाळचे अकरा. लख्ख ऊन होतं आणि पारा शून्याच्या कितीतरी खाली. जागा म्हणजे मिनेसोटात, सुपीरियर सरोवराच्या काठचं आमचं ॲग्नेस बे हे गाव. नजर पोचेल तिथपर्यंत गोठलेलं पाणी.

मी आयला. आमच्या भागात कुणी दुर्मिळ पक्षी दिसला म्हणाला, तर तो खरंच दिसला का हे आमची सात जणांची समिती ठरवते. आर्वो माझा सख्खा मोठा भाऊ. त्याच्या तीन नोंदी समितीने नाकारल्या होत्या. तिन्ही वेळा माझं मत 'नाही' होतं. मग गावातले पक्षीवाले त्याला तोंडावर थापाड्या म्हणायला लागले. दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. आईच्या दफनाच्या दिवशीसुद्धा आम्ही दोन टोकांना उभे होतो.

भांडणाचं कारण ऐकाल तर हसाल.

झूम.

आर्वो फोनवर बोटं ताणून पक्षी जवळ आणायचा आणि मग फोटो काढायचा. त्यात फोन काही पक्ष्याजवळ जात नाही. मधला तुकडा ठेवतो, बाकीचं फेकून देतो आणि तुकडा फुगवून दाखवतो. पिसं न दिसली तर स्वतःच्या मनाची रंगवतो. त्यापेक्षा अख्खा फोटो काढावा आणि घरी येऊन हवा तेवढा कापावा. कापला तरी मूळ फोटो राहतो, जागा दिसते, कुणी शंका काढू शकत नाही. समितीचा नियमच आहे, न कापलेला अख्खा फोटो जोडायचा. हे मी आर्वोला शंभरदा सांगितलं होतं. तो ऐकून घ्यायचा आणि पुन्हा बोटं ताणायचा.

त्या सकाळी त्याचा फोन आला. बर्फावर पांढरा कुरव उतरलाय म्हणाला, थेट ध्रुवाकडचा समुद्रपक्षी. स्वतः येऊन बघ, मग तरी मला खोटं पाडू नकोस.

मी गेले. प्रेमापोटी नाही. तो चुकलाय हे तिथेच सांगायला मिळेल म्हणून गेले.

पण पक्षी खरा होता. कोळ्यांनी टाकलेल्या माशांच्या आतड्यांवर बसला होता. पांढराशुभ्र, काळे पाय. असा पक्षी मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. माझा कॅमेरा मी मुद्दाम घरी ठेवला होता, कारण भावाच्या नोंदीला बहिणीनेच पुरावा दिला असता तर समितीत बोंबाबोंब झाली असती.

आर्वोने फोन काढला. बोटं ताणली.

"अख्खा काढ," मी म्हणाले.

"तू स्वतःच्या डोळ्यांनी बघतेयस ना?"

"माझे डोळे नोंदीला जोडता येत नाहीत. अख्खा फोटो नसेल तर मी परत 'नाही' म्हणणार."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी नियमावर बोट ठेवलं होतं, पण खरं सांगते, नियमाचं निमित्त होतं. मला त्याला वाकवायचं होतं.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "अख्ख्यात तो येतो, आयला."

"कोण?"

"माहीत नाही. कडेला उभा असतो. पुढच्या फोटोत थोडा जवळ असतो. म्हणून मी ताणून काढतो. ताणलं की कडा उरतच नाहीत."

मी त्याच्या तोंडावर हसले. थापा मारायच्याच तर नीट मार, असंही म्हणाले.

ते त्याला लागलं. त्याने बोटं आवळली, अख्खं दृश्य पडद्यावर आणलं आणि फोटो काढला.

आम्ही दोघांनी पाहिला.

मधोमध पक्षी, मागे बर्फ... आणि डाव्या कडेला एक माणूस.

काळा लांब कोट. त्या थंडीत डोक्यावर टोपी नाही.

मी मान वर केली. बर्फावर कुणीच नव्हतं.

पलीकडे मासे पकडायला आलेला कुणी असेल, असं मी म्हणाले. आर्वोच्या हातातून फोन घेतला आणि डावी कड कापून टाकली. "हे बघ, गेला. आणखी एक काढ."

त्याने काढला. 

माणूस आता पक्ष्याच्या वीस पावलांवर होता.

मी तोही कापला. का कापला? तेव्हाच त्याचा हात धरून गाडीकडे पळायला हवं होतं. पण मला चूक कबूल करायची नव्हती. मी तिसरा काढायला लावला.

तिसऱ्यात तो पक्ष्याच्या अगदी मागे उभा होता. पक्षी त्याच्या कोटावर पांढऱ्या डागाएवढा दिसत होता.

"आता कुठून कापशील?" आर्वोने विचारलं.

 त्याने फोन हिसकावून घेतला आणि काठावरच्या गाडीकडे निघाला. चल म्हणाला. मी गेले नाही. त्याच्या मागोमाग चालायचा कमीपणा नको होता मला. पाठ फिरवून पक्षी बघत उभी राहिले.

जाड बर्फ थंडीत सतत बोलतं. कुरकुरतं, मधूनच खोलवर गडगडतं. आम्हाला लहानपणापासून त्याची सवय आहे.

ते थांबलं.

काठावरचे कावळेही गप्प झाले.

पक्षी... नव्हता. उडताना दिसला नाही, पंखांचा आवाज आला नाही. आतडी तशीच पडलेली.

मग मागून पावलं वाजली.

कर्र... कर्र... सावकाश.

आर्वो परत आला असणार. माफी मागायला. मला आतून बरं वाटलं, आणि तरीही मी वळले नाही.

"गेला का राग?" मी विचारलं.

पावलं माझ्या पाठीशी येऊन थांबली. कानावर थंड हवा आली. श्वास असता तर गरम असता.

मी वळले.

कुणी नव्हतं. भुसभुशीत बर्फावर आम्ही दोघं येतानाच्या खुणा होत्या आणि आर्वोच्या परत जातानाच्या. त्या चाळीसेक पावलांपर्यंत होत्या.

पुढे कोरं बर्फ.

जिथे खुणा संपल्या तिथे त्याचा फोन पडला होता. पडदा चालू होता. नवा फोटो होता, अख्खा, न ताणलेला.

त्यात मी पाठमोरी उभी आहे. माझ्या कानाशी तो माणूस वाकलाय. आणि त्याच्या पलीकडे, उत्तरेच्या खडकांपाशी, आर्वो. दोन्ही हात वर करून, तोंड उघडून, तो मला हाक मारतोय.

मला तिथे कुणी दिसलं नव्हतं, काही ऐकूही आलं नव्हतं.

तो फोटो कुणी काढला, हे मला आजही माहीत नाही.

मी पोलिसांना बोलावलं. ते येईपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मी काय केलं ते आज पहिल्यांदा सांगतेय. पोलीस फोन बघणार होते. तो माणूस दिसला असता तर मी काय सांगणार होते? गावाने आर्वोला थापाड्या म्हटलं, तसंच मलाही म्हटलं असतं.

मी तो कापायला घेतला. पण आर्वो त्याच्या पलीकडे होता. त्याला कापायचं तर आर्वोही कापला जात होता.

मी कापला.

मूळ फोटो, आधीच्या तिन्हींसकट, स्वतःला पाठवले आणि त्या फोनमधून पुसले. पोलिसांच्या हाती एकटी मी असलेला फोटो पडला. बर्फाला कुठेतरी भगदाड पडलं असेल, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि चार दिवस गाडीच्या बाजूला, दक्षिणेला शोधलं. उत्तरेच्या खडकांकडे कुणी गेलं नाही. मी पाठवलं नाही.

मेमध्ये त्याची नोंद समितीपुढे आली, मी कड कापलेला पहिला फोटो अख्खा म्हणून जोडून. सातही मतं 'हो'.

त्यानंतर मी एकही फोटो काढलेला नाही. पण बाकीचे काढतात ना. गेल्या ईस्टरला माझी मुलगी सान्नी हिने घरामागच्या अंगणात सगळ्यांचा फोटो काढला. तिची पद्धत मीच शिकवलेली, अख्खा काढायचा आणि मग कापायचा. कापताना तिने मला हाक मारली. "आई, कुंपणापाशी हे दोघं कोण आहेत?"

मी चष्मा लावून पाहिलं.

काळ्या कोटवाला मागे होता, कुंपणाबाहेरच उभा.

पुढे आर्वो होता. कुंपण ओलांडून आत आला होता. या वेळी हात वर नव्हते, तोंड मिटलेलं होतं, आणि तो फक्त माझ्याकडे बघत होता.

ती नजर मी ओळखते, बर्फावर मी परत 'नाही' म्हणणार म्हटलं तेव्हाची. मला माझ्या सख्ख्या भावाची भीती वाटते.