तिसरी कांडी

१९८६च्या डिसेंबरात परभणीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या शेडमध्ये जस्ताच्या भट्ट्यांची धूळ पोत्यांनी यायची. धुराड्यातून झाडलेली, करडी, पिठासारखी. चंद्रभान ती तेजाबाच्या टाकीत ओतून लाकडी वल्ह्याने ढवळायचा. गाळलेल्या पाण्यात जस्ताचे पत्रे सोडले की त्यांच्यावर इंडियम नावाचा दुर्मिळ धातू धरायचा. आठ पोत्यांमागे बोटाएवढी एक कांडी.

केमिस्ट सत्यशीला ती कांडी आधी कानाने तपासायची. शुद्ध इंडियम वाकवलं की करकरतं. पुस्तकात तसं होतं. पहिली कांडी तशीच करकरली.

चंद्रभानला खोकला लागला होता. मालक दिनकररावांनी बजावलं, "सोमवारपर्यंत थांबला नाही तर घरीच बस."

"घरी बसून पेडगावात काय माशा मारू?" तो सत्यशीलेला म्हणाला.

सोमवारी खोकला थांबला होता.

"कुणाचं औषध घेतलंत, मामा?"

"औषध कशाचं, बाई. टाकीवर वाकून खोकलो, अन् संपलंच. तुमच्या तेजाबानं धुऊन काढलं."

त्या टाकीतली दुसरी कांडी तिने दुपारी वाकवली. कांडी खोकली. दोनदा तोकडं, मग एकदा लांबवून.

तिने ती वितळवून पुन्हा ओतली. थंड होऊ दिली. खिडकी लावून घेतली. वाकवली. दोनदा तोकडं, एकदा लांबवून. 'आवाज वेगळा,' असं तिने नोंदवहीत लिहिलं आणि चंद्रभानला टाकीवरून हलवा, असं दिनकररावांना सांगितलं.

"आता तर बरा झालाय ना?" ते म्हणाले.

चंद्रभान दारातच होता. "खोकत होतो तवा तुमी काढलं न्हाई, बाई. आता कामून काढायलात?"

तिने नोंदवही मिटली. तो टाकीवरच राहिला.

गुरुवारी सकाळी थंडी हाडात शिरत होती. तिने तिसरी कांडी वाकवली.

खोकला नाही. करकर नाही. कुणीतरी लांब श्वास आत ओढला, आणि तो तिथेच थांबला.

ती तशीच खिडकीशी गेली. अंगणात हमाल शेकोटीभोवती उभे होते. चंद्रभान त्यांना ट्रकवाल्याची नक्कल करून दाखवत होता. सगळे हसत होते. प्रत्येकाच्या तोंडापुढे वाफ होती.

चंद्रभानच्या नव्हती.

तिने कांडी हळूच सरळ केली. मुठीत श्वास सुटला.

चंद्रभानच्या तोंडातून वाफेचा एक लोट निघाला. एकच. पुढचा आलाच नाही.

"झाली का तपासून?" दिनकरराव पॅकिंगची पेटी घेऊन मागे उभे होते. "मुंबईची गाडी खोळंबलीय."

"अजून नाही, साहेब," ती म्हणाली, आणि कांडी पुन्हा वाकवली.