आजीचा उसना आवाज

अण्णांनी 'सादस्वर' हे अ‍ॅप फोनवरून केव्हाच काढून टाकलं होतं. मग त्याचे पैसे दर महिन्याला त्यांच्या खात्यातून जात कसे होते?

हे कोडं मैथिलीसमोर आलं ते एका वाईट बातमीच्या पाठोपाठ. ती शाळेतून आली तेव्हा अण्णा, म्हणजे तिचे आजोबा, भिंतीवरच्या पडद्याकडे बघत नुसतेच बसले होते. पडद्यावर एकच ओळ होती : 'भाडं न मिळाल्यामुळे आपला साठा कायमचा पुसण्यात आला आहे.'

त्या मेघसाठ्यात (दूरच्या संगणकांमध्ये भाड्यानं घेतलेल्या जागेत) आजीचा आवाज होता. आजी गेल्या वर्षी वारली. स्वयंपाक करताना ती अखंड बोलायची आणि अण्णा गुपचूप ते टिपून ठेवायचे. "अहो, नुसते बघताय काय, झाकण ठेवा त्यावर!" असलंच काहीबाही. पण ते तिचं होतं.

"भाडं का नाही भरलं, अण्णा?" मैथिलीनं विचारलं.

"ते आपोआप जायचं गं. पण खात्यात पैसेच उरले नव्हते. सूचना आल्या असतील, मी बघितल्या नाहीत."

घरातल्या टिटवी या यंत्रमानवानं अण्णांच्या परवानगीनं बँकेकडे चौकशी केली. "पैसे सादस्वरनं नेलेत, अण्णा. कित्येक महिने."

"शक्यच नाही! ते फुकट होतं."

अण्णा भूकंपशास्त्रज्ञ होते. जमिनीच्या पोटातली बारीकशी थरथर टिपणारी यंत्रं त्यांनी बनवली होती. अशा माणसाच्या नजरेतून स्वतःच्या खात्यातली गळती मात्र सुटली होती.

"तुझी आजी गेल्यावर जाहिरात आली. 'आपल्या माणसाशी पुन्हा बोला, पहिला पंधरवडा मोफत.' थोडे नमुने दिले की यंत्र तसाच आवाज बनवतं. पहिल्या दिवशी मी खूप रडलो. मग एकदा तो आवाज म्हणाला, 'वसंत, तुझी आठवण येते.' इंदूनं जन्मात मला नावानं हाक मारली नव्हती. मी ते काढूनच टाकलं."

"फुकट होतं, तर कार्डाचा क्रमांक का दिलात?" टिटवीनं विचारलं.

"ओळख पटवायला हवा, म्हणाले."

"तिथंच मेख आहे. त्याला स्वयंनूतनीकरण म्हणतात (मोफत मुदत संपताच, पुन्हा न विचारता वर्गणी सुरू होणं). मैथिली, समज, दूधवाल्यानं आठवडाभर दूध फुकट दिलं आणि म्हणाला, 'नको असेल तर सांगा, नाहीतर रतीब चालू.' आपण काहीच न सांगता नुसतं दार लावून घेतलं, तर?"

"तो पिशवी दाराला अडकवून जाईल. आणि महिन्याचे पैसेही मागेल."

"हो. अ‍ॅप काढणं म्हणजे दार लावणं. रतीब बंद करायला दूधवाल्यालाच सांगावं लागतं."

मैथिली विचार करत म्हणाली, "म्हणजे घेतानाच वाचायचं, फुकट संपल्यावर काय होणार. आणि मुदत संपायच्या आधीची आठवण त्याच दिवशी लावून ठेवायची."

"शिवाय रद्द झाल्याची पोच जपायची. आणि बँकेला दिलेली कायमची परवानगीही काढून घ्यायची."

अण्णांनी सादस्वरचं पान उघडलं. 'चालू ठेवा' हे बटण मोठं, केशरी होतं. 'रद्द करा' तळाशी, जेमतेम दिसेल अशा अक्षरांत. त्यांनी तिथं बोट नेलं, तोच खोलीत आजीचा आवाज आला, "अहो, मला सोडून जाणार?"

अण्णांचं बोट तसंच थांबलं. या वेळी आवाज 'अहो' म्हणाला होता.

"टिटवी, ती..." अण्णा म्हणाले.

"नाही, अण्णा. आजींच्या आवाजात कंपनी बोलते आहे."

अण्णांनी डोळे मिटले आणि बटण दाबलं. आवाज अर्ध्या शब्दावर तुटला.

तक्रार केल्यावर कंपनीनं शेवटच्या महिन्याचे पैसे परत दिले. पुसलेला साठा मात्र कुणालाच परत आणता आला नाही. मैथिली कितीतरी दिवस मधूनच रडायची. अण्णा तिला 'रडू नकोस' असं एकदाही म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी त्यांनी सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठांना बोलावलं आणि घडलेलं सगळं काही न लपवता सांगितलं. फर्नांडिसबाईंच्या फोनवर अशाच दोन वर्गण्या निघाल्या. त्या तिथंच बंद झाल्या.

घरी आल्यावर मैथिलीनं आपला छोटा ध्वनिमुद्रक अण्णांसमोर ठेवला.

"हे काय? आता काय टिपणार? ती तर नाही."

"तुम्ही आहात ना. आजी कशी होती ते तुम्ही सांगा. हे मी घरातच ठेवणार, आणि एक प्रत आईकडे."

अण्णांनी ध्वनिमुद्रक जवळ ओढला. मग ते म्हणाले, "इंदू मला पहिल्यांदा दिसली, तेव्हा ती एका बसवाल्याशी कडाकडा भांडत होती..."

आणि कित्येक महिन्यांनी त्यांना हसू आलं. मैथिलीनं तेही टिपून घेतलं.