मौनीबाबा आणि बारावी पातळी

ती प्रथम माझ्याशी बोलली, तेव्हा मी ग्रंथालयाची संपूर्ण पुस्तकसूची पुसून बसलो होतो. काही जुन्या फाइली काढायच्या होत्या. लिनक्स या संगणकप्रणालीच्या काळ्या पडद्यावर कमांड लिहिताना मध्ये एक मोकळी जागा सुटली, आणि यंत्राने सगळेच नेले. ती चार्जर शोधत सहज आत आली. सर्व्हर सांभाळणारी, माझ्याहून दोन वर्षांनी वरिष्ठ. तिने माझा पांढराफटक चेहरा पाहिला, खुर्ची ओढली आणि आदल्या दिवशीची प्रत जागेवर आणून ठेवली.

गोष्ट साहेबांपर्यंत गेलीच. महिन्याने याच कामाची परीक्षा; नापास झालो, तर तळघरातल्या पुस्तकबांधणी विभागात रवानगी. तिथला डिंकाचा वास मला आवडलाही असता… पण तिथे ती नव्हती.

सराव व्हावा म्हणून तिने माझ्यासाठी संगणकावर एक खेळ रचला. बारा पातळ्या; प्रत्येकीत एखाद्या फाइलीत दडवलेली एक किल्ली, ती सापडली की पुढचे दार उघडे. तिसऱ्या पातळीत फाइलीचे नाव म्हणजे नुसती एक आडवी रेघ. ती वाचायला सांगितली, की यंत्राला ते नाव वाटतच नसे. मीच काही लिहीन म्हणून ते थांबून राही. यंत्र गप्प, मीही गप्प.

“दोघांपैकी कुणीतरी बोला,” ती मागून म्हणाली. “मौनीबाबा, तुला तुझ्या जोडीचं भेटलंय बघ.”

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. नावाआधी फाइलीचा पत्ता जोडायचा, हे तिने वाकून दाखवले. तिच्या बाहीला उन्हात वाळलेल्या सुती कापडाचा वास होता. पुढे मी शिकत गेलो, हे खरे. पण किल्ली सापडली की आधी तिच्या टेबलाकडे पाहत असे, हेही खरे.

बाराव्या पातळीवर अडलो. फाइल समोर दिसे. वाचायची परवानगी मात्र नाही. तीन दिवस नाना उपाय केले. परीक्षेच्या आदल्या दुपारी अखेर उठलो. तिच्या टेबलापर्यंत पाच पावले.

“मला नाही उघडता येत.”

“कुणाची आहे फाइल?”

“तुमची.”

“मग? तीन दिवस कुलूप फोडत बसलास. मालकाला विचारायचं असतं रे. मी इथेच होते.”

जुळवून ठेवलेली वाक्ये ऐनवेळी पळाली.

“उघडली की खेळ संपेल,” मी म्हणालो. “आणि मला… खेळ नसला तरी तुमच्या शेजारी बसायचंय.”

तिने मान खाली घालून परवानगीची एक कमांड लिहिली. “जा, वाच.”

आत एकच ओळ होती — परीक्षेचं काहीही होवो, रविवारी माझ्यासोबत फिरायला येशील?

फाइल कधीची, ते पाहण्याची सवय तिनेच लावली होती. एकवीस दिवसांपूर्वीची.

परीक्षेत मी उत्तीर्ण झालो. साहेबांनी पाठ थोपटली, हुशारीचे कौतुक केले. मी मात्र ऋणी आहे त्या एकवीस दिवसांचा. माझ्या तोंडून शब्द फुटेपर्यंत कुणीतरी शेजारच्या टेबलावर, रोज हसतमुखाने, थांबून राहिले होते. रविवारी चालता चालता मी एवढेच म्हणू शकलो, की तुमचे आभार कसे मानू…

“आधी ते ‘तुमचे’ सोड,” ती म्हणाली, आणि माझा हात धरला.